हॉलोबॉडी गिटार घ्यायची तर आरसा, मल्टिमीटर आणि दोरा जवळ ठेवा

कोल्हापुरात राहून हॉलोबॉडी, म्हणजे पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार घ्यायची तर पहिली अडचण ही, की ती हातात घेऊन बघायला सहसा मिळत नाही. वाद्यांच्या दुकानात हार्मोनियम, तबला, ढोलकी आणि साध्या ॲकॉस्टिक गिटारी भरपूर. एफ-होलवाली (वरच्या पाटीला इंग्रजी एफच्या आकाराच्या फटी असलेली) इलेक्ट्रिक एखादी टांगलेली दिसली तर नशीब समजायचं. म्हणजे मग पुणे-मुंबईची चक्कर, नाहीतर ऑनलाइन मागवणं, नाहीतर कुणाची तरी वापरलेली उचलणं. कुठूनही घ्या, लाकूडकाम नंतर बदलता येत नाही, बाकी जवळपास सगळं येतं. त्यामुळे बघण्यातला सगळा वेळ लाकडावर घालवा आणि किमतीच्या पाव ते एक तृतीयांश एवढी रक्कम दुरुस्तीसाठी आधीच वेगळी काढा. ती नसेल तर एक पायरी खालचं मॉडेल घ्या, पण ही रक्कम सोडू नका.

घराबाहेर पडण्याआधी एक ठरवा: पूर्ण पोकळ की सेमी-हॉलो? दिसायला दोन्ही सारख्याच, एफ-होल दोन्हींना. पण गिब्सनने १९५८ साली ईएस-३३५ काढली तेव्हा आत मधोमध लाकडाचा ठोकळा घातला, तो फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज गिटारीत परत शिरून होणारं घुमणं, आवरण्यासाठी. १९६१ च्या एपिफोन कॅसिनोत तो ठोकळा नाही, ती आरपार पोकळ. आजच्या स्वस्त आयात गिटारी याच दोन घराण्यांतल्या. आयबानेझची आर्टकोर मालिका २००२ पासूनची. त्यात एएफने सुरू होणारे क्रमांक पूर्ण पोकळ, एएसने सुरू होणारे सेमी. ग्रेचच्या स्ट्रीमलायनरमध्ये दोन्ही प्रकार आहेत, त्यामुळे मॉडेलच्या नावात सेंटर ब्लॉक लिहिलंय का ते वाचा. एपिफोन डॉट सेमी. ऑर्केस्ट्रात वाजवणार असाल, गणपतीत मंडळाच्या स्टेजवर मागे भिंतीएवढे स्पीकर असणार असतील, तर पूर्ण पोकळ गिटार घेऊच नका. ती घुमायला लागली की वाजवणाऱ्यालाही आवरत नाही. घरात जॅझ किंवा जुनी हिंदी गाणी वाजवायची असतील तर मात्र पूर्ण पोकळच घ्या, त्या आवाजातली हवा सेमीला येत नाही.

लॅमिनेट म्हणजे प्लायवूड, म्हणजे फसवणूक, असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. प्लगमध्ये लावून वाजवायच्या गिटारीला लॅमिनेटेड मेपल चांगलंच. ते कमी घुमतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कमी हलतं. फ्रेटबोर्डाच्या, म्हणजे मानेवरच्या फ्रेट (धातूचे पडदे) ठोकलेल्या पट्टीच्या, लाकडावरूनही बराच धुरळा उडालेला आहे. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जाती धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या सायटीस कराराच्या यादीत आल्या, कागदपत्रं वाढली आणि कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ मध्ये सूट मिळाली, पण तोवर लॉरेल रुळलं होतं. हे इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन, राधानगरी-गगनबावड्याच्या जंगलातला. लाकूड मजबूत आहे. फक्त नव्या गिटारीवर ते कोरडं, फिकट दिसतं. फ्रेटबोर्डासाठी मिळणारं लेमन ऑइल दोन थेंब पुरे. खोबरेल लावू नका, चिकट थर बसतो आणि त्याला वासही येतो.

आता प्रत्यक्ष बघणी. सोबत हवा दाढीचा लहान आरसा, मोबाइलची टॉर्च, साधा मल्टिमीटर, स्वतःची केबल आणि एक फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पत्र्याच्या पट्ट्या). ते गेज गिटारवाल्यांकडे शोधत बसू नका. उद्यमनगरात कुठल्याही हत्यारांच्या दुकानात मिळतं. टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तेच.

आधी नटच्या (डोक्याशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) मागे, मान आणि डोकं जुळतात तिथे बोट फिरवा. डोकं मागे कललेलं असतं, म्हणून पार्सलमध्ये दणका बसला की पहिली चीर इथेच पडते. पॉलिशखाली केसाएवढी रेघ दिसली तर भाव न करता निघा. मग खुंट्यांच्या बाजूने एक डोळा मिटून मान बघा, पिळलेली दिसली तरी निघाच. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे. एखादा फ्रेट थोडा वर असेल तर तो बसवता येतो. पण बॉडीजवळचे शेवटचे पाच-सहा फ्रेट एकदम उचलल्यासारखे असतील, तर तो दोष मानेच्या जोडाचा आहे आणि त्याचा खर्च गिटारीच्या किमतीला भिडतो. ट्रसरॉडचा, म्हणजे मानेचा वाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईचा, नट पाव फेरा फिरवू देतात का ते विचारा. आधीच गच्च बसलेला असेल तर पुढच्या पावसाळ्यात मान सरळ करायला जागाच उरलेली नाही. त्यानंतर आरसा आणि टॉर्च घेऊन एफ-होलमधून आत बघा: आधाराच्या पट्ट्या चिकटलेल्या आहेत का, डिंक ओघळलाय का, कुणी आत आधीच हात घालून वायरी तोडल्यात का. मुठीने हलकेच टकटक करा. आत काही खुळखुळलं तर ते नेमकं काय आहे हे कळल्याशिवाय पैसे देऊ नका. बऱ्याचदा केबल लावायच्या जॅकचा ढिला नटच निघतो.

वायरिंग न उघडता तपासता येतं, आणि ही युक्ती वापरलेली गिटार घेताना फार कामाची. गिटारीत केबल लावा, सगळे व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा, मल्टिमीटर २० किलोओहमवर ठेवा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला प्लगचं अग्र आणि धड यांना मल्टिमीटरच्या दोन तारा लावा. हंबकर असो वा पी-९० (तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपचे हे दोन प्रकार), एका पिकअपचं रीडिंग साधारण ७ ते ९ यायला हवं. स्विच मध्ये टाकला की दोन्ही पिकअप समांतर जोडले जातात, म्हणजे आकडा निम्म्यावर, चारच्या आसपास. एका बाजूला काहीच येत नसेल तर एकतर वायर तुटलीय नाहीतर पिकअपची कॉइलच आतून तुटलीय. पहिल्याचा खर्च चहापाण्याचा, दुसऱ्याचा नव्या पिकअपचा. भाव करताना दुसराच धरून बोला.

परदेशातून मागवणार असाल तर जाहिरातीतल्या किमतीवर थांबू नका. कस्टम्स ड्युटी वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमा धरून लागते, त्या सगळ्या बेरजेवर पुन्हा आयजीएसटी, आणि वर कुरिअरवाल्याचा स्वतःचा आकार. आधी हे सगळं कागदावर मांडा. बहुतेक वेळा भारतातल्या अधिकृत विक्रेत्याची वॉरंटीसकट किंमत फार लांब राहत नाही. विकणाऱ्याला सांगा, तारा ढिल्या करून पाठव आणि डोक्याखाली गादी भर. खोकं आलं की कापण्यापासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढा. जुलैत आलं तर गिटार बाहेर काढून काही तास तशीच पडू द्या, लगेच पिळायला बसू नका.

घरी आल्यावरचा क्रम महत्त्वाचा, कारण बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात: महागडे पिकअप आधी मागवतात आणि सहा महिन्यांनी कळतं की त्रास नटचा होता. आधी नव्या तारा, १० किंवा ११ चा सेट (सगळ्यात बारीक तार ०.०१० किंवा ०.०११ इंचाची). ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो आधार) स्क्रूने न बसवता नुसता तारांच्या दाबावर उभा असेल, तर सगळ्या तारा एकदम काढू नका. एकेक बदला, आणि आधी ब्रिजच्या पायाशी कागदी टेपने खूण करून ठेवा. मग मान: पहिला फ्रेट आणि मान बॉडीला मिळते तिथला फ्रेट दाबून सातव्यावर तारेखाली गेज घाला, ०.२ मिमीच्या आसपास फट हवी. मग ॲक्शन, म्हणजे तार फ्रेटपासून किती उंच: बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २ आणि बारीक तारेखाली दीड मिमी ही सुरुवात चांगली. शेवटी इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर खरा लागणं: बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून येणारा सूर (हार्मोनिक) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळेपर्यंत.

खुंटी पिळताना ‘टिंग’ असा आवाज होऊन सूर उडी मारत असेल तर खाचेत तार अडकतेय. बिगस्बी (तारा ढिल्या-घट्ट करून सूर हलवणारा दांडा) असलेल्या गिटारीत सुरातून घसरण्याचं मोठं कारण हेच असतं, आणि दोष मात्र खुंट्यांना दिला जातो. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. तेवढ्याने भागलं नाही तर हाडाचा नट करून घ्या. मिरज तासाभराच्या वाटेवर आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जवारी काढणाऱ्या माणसाच्या हाताला तारेखालचं हाड कसं घासायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही. जुना नट आणि तारांचा सेट सोबत न्या, गिटार दाखवा, करतो म्हणाले तर करून घ्या. फ्रेट लेव्हलिंग, म्हणजे फ्रेट एका पातळीत घासणं, मात्र तिथे मागू नका. सतारीचे पडदे सरकतात, आपले ठोकलेले असतात, तो धंदाच वेगळा.

एवढं झाल्यावर महिनाभर वाजवा. त्यानंतरही आवाज मिटमिटा वाटला तर वायरिंगला हात घाला, आणि एकदाच घाला. सॉलिडबॉडीत (भरीव लाकडाच्या गिटारीत) मागचं झाकण उघडलं की काम समोर असतं. इथे झाकणच नाही. पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या नॉबखालचे फिरवायचे भाग), स्विच, जॅक सगळं एफ-होलमधून बाहेर काढायचं आणि त्याच फटीतून परत आत न्यायचं. म्हणून पॉट, कपॅसिटर, स्विच, जॅक आणि पिकअप बदलायचेच असतील तर ते, असं सगळं सामान जमल्याशिवाय एकही नट सोडू नका. कपॅसिटर, वायर, सोल्डर पुण्यात पासोड्या विठोबापाशी चिल्लरीत मिळेल. ०.०२२ मायक्रोफॅरडचा म्हणजे ‘२२३’ छापलेला साधा फिल्म कपॅसिटर घ्या. ‘व्हिंटेज’ नावाखाली त्याचे शेकड्यांनी पैसे मोजणं मला पटत नाही. पॉट मात्र रेडिओवाल्या दुकानातले नकोत. ५०० किलोओहमचे, ऑडिओ टेपरचे, गिटारीसाठीच बनलेले मागवा. मागवताना भोक मोजा: आयात गिटारीतल्या छोट्या पॉटचं भोक ७ मिमीच्या आसपास, मोठ्या अमेरिकन पॉटला जवळपास १० लागतं. चांगल्या प्रतीचे छोटे पॉटही मिळतात, माझं मत त्यांच्याच बाजूने. भोक वाढवायचंच तर ड्रिल नको, वरचा पापुद्रा उडतो. टेप लावून हाताच्या रीमरने बाहेरून आत, थोडं थोडं. नॉबही नवे लागतील हे धरून चाला, दांडीवरचे दाते दोन्हींकडे वेगळे असतात.

काढताना प्रत्येक पॉटच्या दांडीला वेगळ्या रंगाचा लांब दोरा बांधा, नट सोडा, पॉट आत ढकला आणि दोऱ्याचं बाहेरचं टोक वर टेपने चिकटवून ठेवा. जुना संच एफ-होलमधून ओढून काढला की आत भोकापर्यंतची वाट दाखवायला दोरे शिल्लक राहतात. एफ-होलच्या कडेला आधी टेप लावा, पॉटचं धातूचं अंग तिथे हमखास घासतं. टेलपीसकडे (तारांची खालची टोकं अडकवतात तिकडे) जाणारी अर्थिंगची एकटी वायर शोधून ठेवा, ती ओढाताणीत तुटते. नवा संच पुठ्ठ्यावर जोडा: गिटारीवर पुठ्ठा ठेवून भोकांची जागा आखून घ्या, तिथेच पॉट बसवा, सोल्डर करा, आणि आत घालण्याआधी केबल लावून पिकअपवर स्क्रूड्रायव्हरने टकटक करून आवाज तपासा. आत घालताना दोऱ्याऐवजी माशांच्या टाकीची हवेची नळी दांडीवर घट्ट बसवली तर काम आणखी सोपं. भोकातून नळी ओढली की पॉट सरळ वर येतो, फिरत नाही. जॅक सगळ्यात शेवटी. तारा चढवल्यावर ॲम्प लावून तारांना हात लावा. घरघर कमी झाली तर अर्थिंग बरोबर आहे, वाढली तर कुठेतरी उलट जोडलंय.

घरघर तरीही राहिली तर आधी घरातला अर्थिंग पॉइंट इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या पेठांतल्या घरात तीन पिनचा सॉकेट असतो आणि त्यामागे अर्थच नसतो. ॲम्पची तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाकडून दुसरा कुठलाच सल्ला घेऊ नका; शॉक तारांमधून थेट हातात येतो. पी-९० असतील तर ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर थोडी कुरकुर ऐकवणारच, ते त्यांच्या जातीतच आहे.

स्टेजसाठी एफ-होलमध्ये बसतील असे फोमचे दोन तुकडे कापून केसमध्ये ठेवा, ॲम्पच्या समोर न उभं राहता बाजूला उभे राहा आणि बेस उतरवा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत. उन्हाळ्यात काढून टाका. मान वर्षातून दोनदा बघा, दसऱ्याच्या सुमारास आणि पुन्हा मार्चमध्ये.

काढलेले जुने पॉट, स्विच, पिकअप आणि नट एका झिपच्या पिशवीत घालून वर गिटारीचं मॉडेल लिहा आणि केसच्या खणात टाका. पुढे विकायची वेळ आली तर घेणारा पहिल्यांदा तेच विचारतो, आणि मूळ माल सोबत असला की नवे पिकअप काढून घेऊन तुम्हाला पुढच्या गिटारीत घालता येतात.