सीए ऑफिसच्या फायरवॉलवर धोकादायक डाउनलोड कसे अडवायचे

चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात, इंटरनेट आणि मशीन यांच्यामध्ये बसणाऱ्या फायरवॉलवर एक्सई आणि जार (म्हणजे प्रोग्रामच्या) फाइली सरसकट बंद करणं अर्ध्या तासाचं काम आहे. पण मग टीडीएस रिटर्न तयार करायचं आरपीयू उतरत नाही, ते तपासायचं एफव्हीयू उतरत नाही, जीएसटीचं ऑफलाइन टूल मध्येच अडकतं आणि ३१ जुलैच्या मुदतीच्या दोन दिवस आधी कुणीतरी म्हणतं, "तो फायरवॉल आधी बंद करा." असा बंद केलेला नियम पुन्हा क्वचितच चालू होतो. म्हणून बंदी सगळ्यांना कडक ठेवायची आणि सवलत साइटला न देता एका ठरावीक मशीनला द्यायची. खालचं उदाहरण ३०-४० मशीनच्या ऑफिसचं आणि फोर्टिगेट या फायरवॉलचं आहे. दुसऱ्या कंपनीच्या फायरवॉलमध्ये मेनूची नावं बदलतील, कामाचा क्रम बदलणार नाही.

आधी एचटीटीपीएस उघडा

फाइल फिल्टर लावला, टेस्टची फाइल आरामात उतरली आणि लॉग रिकामा, असं झालं तर बहुतेक वेळा पॉलिसीवर (फायरवॉलच्या नियमावर) "सर्टिफिकेट इन्स्पेक्शन" असतं. त्यात फायरवॉलला साइटचं नाव कळतं, आतली फाइल दिसत नाही. एचटीटीपीएसचं कुलूप उघडून आत पाहणारं "डीप इन्स्पेक्शन" हवं. तयार प्रोफाइल बदलता येत नाही, म्हणून त्याची प्रत काढा आणि प्रतीत बदल करा. बँका आणि आरोग्याच्या साइट त्यात वगळलेल्या असतात, त्या तशाच राहू द्या.

आता फायरवॉलचं सीए (इथे सर्टिफिकेट ऑथॉरिटी) सर्टिफिकेट प्रत्येक मशीनवर बसवायचं. विंडोजचं डोमेन (सगळी मशीन एका सर्व्हरवरून सांभाळणारी व्यवस्था) असेल तर ग्रुप पॉलिसीतून "ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज"मध्ये ढकला. डोमेन नसेल तर हाताने, आणि चुका इथेच होतात. फाइलवर डबल क्लिक केलं की विंडोज "करंट यूजर" सुचवतं. तसंच पुढे गेलात तर त्याच मशीनवर दुसऱ्या आर्टिकलने (शिकाऊ सीएने) लॉगिन केलं की प्रत्येक साइटवर इशारा येतो. "लोकल मशीन" निवडा आणि स्टोअर आपोआप निवडू न देता स्वतः दाखवा. फायरफॉक्स आवृत्ती १२० पासून विंडोजमधली सर्टिफिकेटं स्वतःहून मानतो, त्याआधीचा असेल तर अपडेट करा. जावाचं सर्टिफिकेट स्टोअर मात्र वेगळं असतं. ब्राउझर सुरळीत आणि जावावर चालणारं टूल तेवढं इंटरनेटला जोडत नाही, असं दिसलं तर पहिला संशय त्यावर घ्या.

क्रोम आणि एज संधी मिळाली की यूडीपी ४४३ वरून, म्हणजे क्विक प्रोटोकॉलने जातात. यूडीपी ४४३ ला नकार देणारी पॉलिसी सगळ्यात वर टाका. ब्राउझर निमूट टीसीपीवर येतो, वापरणाऱ्याला काही जाणवत नाही.

डीप इन्स्पेक्शनने बॉक्सवर बराच भार पडतो. डेटाशीटवरचा ठळक "फायरवॉल थ्रूपुट"चा आकडा विसरा आणि "एसएसएल इन्स्पेक्शन थ्रूपुट"ची ओळ तुमच्या लाइनच्या वेगाशी ताडून पाहा.

कोणत्या फाइली अडवायच्या

"सिक्युरिटी प्रोफाइल्स"मध्ये "फाइल फिल्टर" असतो. दिसत नसेल तर "सिस्टिम"खालच्या "फीचर व्हिजिबिलिटी"त चालू करा. नवीन प्रोफाइलमध्ये दिशा "इनकमिंग" ठेवा आणि झिपच्या आतलं तपासण्याचा पर्याय चालू आहे ना, ते पाहा.

हा फिल्टर फाइलचं नाव नाही, आतले बाइट पाहतो. विंडोजची कोणतीही एक्सई नोटपॅडमध्ये उघडा, पहिली दोन अक्षरं इंग्रजी एम आणि झेड दिसतील. डॉसच्या काळातल्या मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामरची ती आद्याक्षरं. नाव बदलून "फोटो डॉट जेपीजी" केलं तरी ती दोन अक्षरं जागची हलत नाहीत, म्हणून फाइल पकडली जाते.

अडवायच्या यादीत एक्सई, एमएसआय, जार, एचटीए, सीएचएम, कॅब, आयएसओ आणि टॉरेंट घ्या. आयएसओ (डिस्कची प्रत असलेली फाइल) मुद्दाम. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या एमएस ऑफिसच्या फाइलींचे मॅक्रो (फाइलीत दडलेल्या आज्ञा) आपसूक बंद केले, तेव्हा हल्लेखोर आयएसओ आणि शॉर्टकट फाइलींकडे वळले. हिशेबाच्या कामात आयएसओ लागतच नाही.

यादीत "जावास्क्रिप्ट" आणि "एचटीएमएल" हेही पर्याय दिसतील. धोकादायक वाटतात म्हणून त्यांवर खूण केली की पुढच्या मिनिटाला ऑफिसातली एकही साइट धड उघडणार नाही, कारण प्रत्येक पान त्यांनीच बनलेलं असतं. "अननोन"लाही हात लावू नका.

पासवर्डच्या झिपसाठी वेगळा नियम करून "पासवर्ड प्रोटेक्टेड ओन्ली" चालू करा, पण कृती "मॉनिटर" ठेवा, म्हणजे अडवायचं नाही, फक्त लॉगमध्ये नोंद. फायरवॉलला त्या उघडता येत नाहीत, म्हणून इतर ऑफिसात त्या अडवणं शहाणपणाचं. इथे ते चालणार नाही. ट्रेसेसवरून (टीडीएसच्या सरकारी पोर्टलवरून) येणारी फॉर्म १६ ची आणि जस्टिफिकेशन रिपोर्टची झिप पासवर्डनेच बंद असते.

डाउनलोड मशीन

साइटनिहाय सवलत कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात पान एका डोमेनवर असतं आणि फाइल दुसऱ्यावरून येते. शिवाय नावावर आधारलेल्या पॉलिसीत फायरवॉलला डीएनएसने (साइटच्या नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेने) दिलेला पत्ता आणि मशीनला मिळालेला पत्ता वेगळा निघाला की नियम लागूच होत नाही. सकाळी चालतं, दुपारी नाही, अशी तक्रार याचीच. मशीन आणि फायरवॉल एकच डीएनएस वापरत असतील तर त्रास कमी होतो, पण संपत नाही.

त्यापेक्षा एक मशीन ठरवा. डीएचसीपीत (मशीनना आयपी वाटणाऱ्या सोयीत) त्याचा आयपी पक्का करा. त्यावर मेल उघडायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅप वेब नाही, रोजचं लॉगिन अ‍ॅडमिनचं नाही. त्याच्या पॉलिसीत डीप इन्स्पेक्शन आणि अँटिव्हायरस तसंच, फक्त फाइल फिल्टर "मॉनिटर"वर. यूटिलिटी उतरवायची ती इथेच. एक्सई आली की प्रॉपर्टीजमध्ये "डिजिटल सिग्नेचर्स" पाहा. जारला तो टॅब नसतो, तेव्हा फाइल अधिकृत पोर्टलवरूनच आली ना, हे पत्त्याच्या पट्टीत अक्षर न् अक्षर वाचून तपासा. मग ती शेअर्ड फोल्डरमध्ये टाका, बाकीच्यांना तिथे फक्त वाचण्याची परवानगी. एकाच स्विचवरच्या मशीनमधली कॉपी फायरवॉलमधून जात नाही, त्यामुळे ती अडत नाही.

पॉलिसी वरून खाली वाचल्या जातात, म्हणून क्रम असा: यूडीपी ४४३ ला नकार, मग विंडोज आणि अँटिव्हायरसची अपडेट (फाइल फिल्टरशिवाय), मग डाउनलोड मशीन, शेवटी सगळे. अपडेटची पॉलिसी विसरलात तर कॅब आणि एक्सईची बंदी विंडोज अपडेटवरच बसते आणि महिनाभर कुणाला पत्ता लागत नाही. तिच्यासाठी "इंटरनेट सर्व्हिस डेटाबेस"मधली मायक्रोसॉफ्ट अपडेटची नोंद वापरा, पत्ते हाताने लिहीत बसू नका.

चालू कधी करायचं

पहिले दोन आठवडे सगळंच "मॉनिटर"वर, आणि त्यात ११ आणि २० तारीख आलीच पाहिजे, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी च्या दिवसांत काय काय उतरतं ते लॉगमध्ये दिसेल. मग टीडीएस रिटर्नची मुदत उलटल्यावर "ब्लॉक" करा, तिच्या आधीच्या आठवड्यात नाही.

तपासायला दोन फाइली पुरतात. ६८ बाइटची आयकार ही निरुपद्रवी चाचणी फाइल अँटिव्हायरससाठी. ती फाइल फिल्टरची परीक्षा नव्हे, ही गल्लत नेहमी होते. फिल्टरसाठी नोटपॅडची एक्सई "फोटो डॉट जेपीजी" नावाने क्लाउड ड्राइव्हवर ठेवा आणि साध्या मशीनवरून उतरवून पाहा. अडली आणि लॉगमध्ये प्रकार "एक्सई" दिसला की झालं. डाउनलोड मॅनेजर कुठे बसवलेला असेल तर काढून टाका. तो फाइलचे तुकडे वेगवेगळ्या जोडण्यांनी आणतो आणि मधल्या तुकड्यांना सुरुवातीचे बाइट नसतात.

फायरवॉलला न दिसणारे रस्ते उरतातच. व्हॉट्सअ‍ॅप वेबवरची फाइल ब्राउझरात पोहोचल्यावर उलगडते, त्याआधी फायरवॉलला नुसता गोंधळ दिसतो. काही पानं जावास्क्रिप्टने फाइल ब्राउझरातच जुळवतात. पॉवरशेलच्या स्क्रिप्ट साधा मजकूर असल्याने त्यांना ओळखीचे बाइट नसतात. पेन ड्राइव्हचं तर सांगायलाच नको. यासाठी मशीनवरच अ‍ॅडमिन हक्क काढणं आणि अ‍ॅपलॉकर (ठरवलेलेच प्रोग्राम चालू देणारी विंडोजची सोय) लावणं हे काम वेगळं करावं लागतं. मोबाइलवर सर्टिफिकेट बसवायच्या भानगडीत पडू नका, अँड्रॉइड ७ पासून बहुतेक अ‍ॅप ते मानतच नाहीत. मोबाइल वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवरच्या स्वतंत्र नेटवर्कवर) टाका आणि तिथून सर्व्हरकडे जाणारी वाट बंद ठेवा.

दर सोमवारी फाइल फिल्टरचा लॉग मशीननुसार लावून बघा. एकाच मशीनवर एकच एक्सई चार-पाचदा अडली असेल तर त्या माणसाला खरंच काहीतरी हवंय किंवा मशीनमध्ये आधीच काहीतरी शिरलंय, आणि दोन्हींत त्याच्या टेबलापाशी जाऊन विचारणं आलं.