काडी फुटते, पण जगत नाही: घरी फुलझाडांची कलमे करताना या चुका टाळा

जास्वंदीची काडी कुंडीत लावली, आठ-दहा दिवसांत हिरवे कोंब आले आणि महिन्याच्या आत सगळे काळे पडले, ही नेहमीची तक्रार आहे. कोंब आले म्हणजे मुळे आली असे नसते. काडीत साठलेल्या अन्नावर डोळे (कोंब जिथून निघतो ती गाठ) आधी फुटतात. मुळे मागाहून येतात: जास्वंदीला साधारण चार ते सहा आठवडे, बोगनवेलीला सहा ते आठ किंवा त्याहूनही जास्त. तोवर नवी पाने पाणी उडवत राहतात आणि ते भरून काढायला खाली काहीच नसते. काडीला रोप समजून खत, ऊन आणि भरपूर पाणी दिले की ती याच काळात मरते.

काडी निवडताना

शेंड्याची लुसलुशीत काडी कुजते, जुनी जाड फांदी मुळे धरायला फार वेळ घेते. यंदाच्या वाढीची, पेन्सिलीएवढी जाड, साल हिरवट-तपकिरी झालेली काडी घ्या. लांबी 15 सेंमी, डोळे तीन-चार. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्यावा, कारण मुळे तिथूनच सहज निघतात. वरचा काप डोळ्याच्या 1 सेंमी वर. खालचा तिरका आणि वरचा सरळ ठेवला तर काडी उलटी लागत नाही. उलटी लागलेल्या काड्या आपल्याला वाटतात त्यापेक्षा बऱ्याच असतात.

कळ्या काढूनच टाका, जीव होत नसला तरी. वरची दोन पाने ठेवा, मोठी असतील तर अर्धी कापा. सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) बोथट असेल तर काडी चेंगरते आणि कुज तिथूनच सुरू होते. पाती स्पिरिटने पुसून घ्या.

माती आणि शेणखत

सर्वाधिक काड्या इथे जातात. मुळांशिवाय काडी खत घेऊच शकत नाही. उलट कच्च्या शेणखतातली बुरशी ताज्या कापात शिरते. धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) समान भागात घ्या. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन पाण्यांनी धुवा. समुद्राची वाळू अजिबात नको. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरत असाल तर चाळून बारीक भुकटी काढून टाका, नाहीतर ती बसते आणि निचरा थांबतो. मिश्रण मुठीत दाबले की एक-दोन थेंबच पडावेत, धार लागली तर ओल जास्त आहे.

रूटिंग पावडर (मुळे फुटायला मदत करणारी पावडर) लावलेली काडी थेट मातीत खुपसली की पावडर वरच पुसली जाते. आधी काठीने भोक पाडा. काडीचे टोक जेमतेम 1 सेंमी बुडवा, जास्तीची पावडर झटका, मग काडी सोडून भोवती माती दाबा. जास्त पावडरने जास्त मुळे येत नाहीत, बुडखा मात्र करपतो.

झाकण आणि जागा

पानांतली ओल टिकावी म्हणून कुंडीवर प्लास्टिकची पिशवी घालतात, पण ती घालून कुंडी उन्हात ठेवली तर आतली हवा तापून पाने शिजतात. उजेडाची पण थेट ऊन नसलेली जागा हवी. पिशवी पानांना टेकू देऊ नका आणि रोज थोडा वेळ उघडा. जून ते सप्टेंबर हा काळ बहुतेक झुडपांना मानवतो, पण कोकणातल्या पावसात कुंडी वळचणीखाली उघडी राहिली की काड्या कुजल्याच म्हणून समजा.

सगळ्याच झाडांना काडी लावणे योग्य नाही. मोगऱ्याची जमिनीलगतची फांदी वाकवून मातीत दाबायची, म्हणजे दाब कलम करणे सोपे, कारण मुळे येईपर्यंत तिला आईझाड पोसते. मोठ्या फुलांच्या हायब्रिड जास्वंदी काडीवर फार रडवतात, त्यांना गुटी कलम करा, म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळे आणा. गुटीत 2.5 सेंमी रुंदीची साल गोल काढल्यावर खालचा बुळबुळीत थर खरवडलाच पाहिजे. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळे येत नाहीत. कण्हेरीचा चीक विषारी असतो, हातमोजे घाला आणि छाटलेल्या फांद्या जाळू नका.

काय दिसतेय, काय करायचे

बुडखा काळा आणि मऊ: ती काडी लगेच फेका, माती पुन्हा वापरू नका. पुढच्या वेळी काड्या कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात (1 ग्रॅम, 1 लिटर पाणी) दहा मिनिटे बुडवून लावा.

पाने पिवळी होऊन गळली, पण काडी नखाने खरवडल्यावर हिरवी: थांबा, जीव आहे.

बुडाशी पांढरट गाठ, मुळे नाहीत: गाठ हलकी खरवडून पावडर पुन्हा लावा आणि नव्या मिश्रणात ठेवा.

मुळे आलीत का, हे बघायला काडी उपटू नका. कोवळी मुळे तुटतात. हलके ओढल्यावर काडी अडली किंवा मुळे कुंडीच्या भोकातून दिसली की मोठ्या कुंडीत हलवा. पहिले आठ-दहा दिवस सावली, मग सकाळचे कोवळे ऊन. शेणखताची पहिली मूठ त्यानंतर महिन्याभराने, तीही पूर्ण कुजलेल्या खताची.