सच्छिद्र ज्वालामुखीय खडक अभ्यासताना: छिद्रांकडून खडकाकडे

भूशास्त्राच्या पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकात प्यूमिसच्या, म्हणजे फेसासारख्या छिद्रांनी भरलेल्या हलक्या ज्वालामुखीय खडकाच्या, एका फिकट राखाडी नमुन्याची घनता काढण्याचे काम माझ्याकडे आले. मी तो कोरडा तोलला, मग पाण्याखाली दाबून धरून तोलला आणि खात्री करावी म्हणून पुन्हा तोलला, तर आकडा बदललेला होता. तराजूलाच दोष देत मी अर्धा तास घालवला. प्रत्यक्षात पाणी हळूहळू छिद्रांत शिरत होते आणि माझा नमुना दर मोजणीला थोडा अधिक जड होत होता. अशा खडकावर आधी मेणाचा पातळ थर द्यावा लागतो, हे मला त्या दिवशी कळले.

या छिद्रांचे मूळ शिलारसात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, विरघळलेल्या वायूंमध्ये, मुख्यतः पाण्याच्या वाफेत असते. खोलवर प्रचंड दाबाखाली वायू विरघळलेले राहतात; शिलारस वर चढून दाब घटला की त्यांचे बुडबुडे होतात. सोड्याच्या बाटलीची उपमा इथे नेहमी दिली जाते, पण ती अर्धीच लागू पडते, कारण सोड्यातले बुडबुडे निसटून जातात, तर खडकात ते निसटण्याआधीच भोवतालचा द्रव गोठतो. बुडबुडे वेगाने सुटतात की द्रव आधी गोठतो, यावरच खडकाचे रूप ठरते.

प्यूमिस बहुधा सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे संयुग) भरपूर असलेल्या, अतिशय घट्ट शिलारसापासून होतो. त्यात बुडबुडे अडकून फुगतात, स्फोटक उद्रेकात फेसासह तुकडे उडतात आणि ते इतक्या झपाट्याने थंड होतात की स्फटिक वाढायला फारसा अवधी मिळत नाही. म्हणून बुडबुड्यांच्या पातळ भिंती काचेच्या असतात. स्कोरिया हा दुसरा सच्छिद्र खडक मात्र बहुधा बेसॉल्टी, म्हणजे सिलिका कमी असलेल्या, अधिक पातळ शिलारसापासून होतो. त्याच्या भिंती जाड असतात, रंग काळपट असतो किंवा लोहाच्या ऑक्सिडीकरणाने तांबूस होतो, आणि तो सहसा पाण्यात बुडतो. रंगावरून नाव ठरवण्याचा मोह नवशिक्याने टाळावा. भिंगाखाली भिंतींची जाडी पाहणे अधिक भरवशाचे.

लाव्हाप्रवाहाच्या बेसॉल्टमध्ये छिद्रे सहसा वरच्या भागात दाटलेली असतात, कारण बुडबुडे वर चढतात आणि वरचा पृष्ठभाग आधी गोठतो. लांबट, एकाच दिशेला ताणलेली छिद्रे दिसली, तर ती दिशा होकायंत्राने मोजून वहीत नोंदवावी. लाव्हा कोणत्या रेषेत वाहत होता याचा तो माग असतो. पुढे झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारगोटी अशा खनिजांनी ही छिद्रे भरून निघतात, तेव्हा ती रिकामी असल्याचे गृहीत धरून केलेली गणिते चुकतात.

परीक्षेत सर्वांत जास्त गोंधळ एकूण सच्छिद्रता (खडकाचा किती भाग पोकळ आहे) आणि एकमेकांना जोडलेली छिद्रे यांत होतो. न्यूझीलंडच्या उत्तरेकडील हाव्र या सागरी ज्वालामुखीच्या 2012 च्या उद्रेकानंतर प्यूमिसचा तराफा, म्हणजे पाण्यावर तरंगणारा तुकड्यांचा थर, सुमारे 400 चौरस किलोमीटरवर पसरला होता. प्यूमिसची पुष्कळ छिद्रे जोडलेली असूनही तो तरंगतो, कारण शिरलेले पाणीच आतल्या वायूची वाट अडवते. याउलट रेटिक्युलाइट हा बेसॉल्टी फेस 95 टक्क्यांहून अधिक पोकळ असतो. पण त्याच्या बुडबुड्यांच्या भिंती फुटून केवळ काचेच्या काड्यांची जाळी उरलेली असते, त्यामुळे पाणी लगेच आत भरते आणि तो बुडतो.