पिकअपचे पाटे काढून एअरबॅग टाकताय? या चुका टाळा

बोलेरो पिकअप घ्या, व्ही-क्रॉस घ्या नाहीतर हायलक्स, मागे सगळ्यांना पाटेच, म्हणजे पोलादी पट्ट्यांची लीफ स्प्रिंग. रिकामी गाडी खड्ड्यात आपटते, मग कुर्ल्याला कोणीतरी सांगतं पाटे काढ, एअरबॅग (अपघातात फुगते ती नव्हे, स्प्रिंगसारखी बसवायची हवेची रबरी पिशवी) टाक, मक्खन चालेल.

घोळ इथेच होतो. पाटा नुसती स्प्रिंग नाही, एक्सलला पुढेमागे नि आडवं सरकू न देणं, ब्रेक मारल्यावर एक्सलचं हाउसिंग (बाहेरचं कवच) फिरू न देणं, हे सगळं तोच करतो. बॅग फक्त वजन उचलते. पाटे काढल्यावर एक्सल धरणार कोण? त्यासाठी फोर-लिंक, म्हणजे एक्सलला चेसिसशी धरणारे चार दांडे लागतात, आणि चारही लिंक सरळ असतील तर शिवाय एक्सल आडवा सरकू न देणारा पॅनहार्ड रॉडसुद्धा. एकच पाटा ठेवून बाकीचे काढायचा जुगाड तर नकोच, जोरात ब्रेक दाबला की तो एकटा पाटा पिळतो आणि मागच्या एक्सलकडे जाणारा शाफ्ट थडथडायला लागतो. भरल्यावर मागून बसते एवढंच दुखणं असेल तर पाटे राहू द्या, त्यांच्या मदतीला हेल्पर बॅग लावा, खर्चही वाचतो.

आणि हो, पाटे काढून चेसिसला वेल्डिंग म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये (गाडीत बदल करण्याबद्दलचं) अडकायचं काम, आधी आरटीओत विचारा, इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी बरोब्बर बघतात.

दोन्ही बॅगा एकाच टीवर (तीन तोंडांच्या पाइप जोडावर) जोडू नका. घोडबंदरच्या वळणावर बाहेरच्या बॅगेतली हवा आतल्या बॅगेत जाते नि गाडी अजूनच कलते. हवेच्या दोन लाइन वेगळ्या ठेवा. बॅग टायरला, सायलेन्सरला घासत नाही ना हे गाडी पूर्ण खाली आणि पूर्ण वर करून बघा, ब्रेकचा होजही तेव्हाच तपासा.

ज्या गाडीला मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग वाल्व आहे तिथे जपून. तो बॉडी आणि एक्सलमधलं अंतर बघून प्रेशर ठरवतो, बॅगने गाडी उचलून धरली की भरलेली गाडीसुद्धा त्याला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. वाल्वचं सेटिंग करून घ्याच.

सकाळी एक बाजू बसलेली दिसली तर लगेच बॅगेवर खापर फोडू नका, फिटिंगवर साबणाचं पाणी मारा, पाइप ब्लेडने तिरका कापला असेल तर बुडबुडे तिथेच येतील. सरळ कापून परत बसवा.

पावसाळ्यात हवेच्या टाकीतलं पाणी ड्रेन कॉकमधून नेमाने काढा. कॉम्प्रेसरचा हवा ओढायचा फिल्टर जमेल तितका उंच लावा, मुंबईत हिंदमाताला पाणी भरलं की खाली लटकवलेला फिल्टर हवेऐवजी गटारच ओढणार.