१९३४ चा ‘पलूका’ दाखवायचाय? आधी प्रत तपासा

हॅम फिशरच्या ‘जो पलूका’ या मुष्टियोद्ध्याच्या, वृत्तपत्रातल्या चित्रपट्टीवरचा ‘पलूका’ हा सिनेमा अमेरिकेत कॉपीराइटमुक्त आहे. त्यामुळे नेटवर आणि डीव्हीडीवर त्याच्या प्रती ढिगाने मिळतात, पण बऱ्याचशा झिजलेल्या प्रिंटवरून काढलेल्या. ‘एचडी’ या लेबलवर जाऊ नका. स्टुअर्ट अर्विन आणि जिमी ड्युरँटी ही नटांची नावं मात्र बघून घ्या, कारण १९४६ पासून मोनोग्राम या चित्रपट कंपनीने नट जो कर्कवुड ज्युनियरला घेऊन याच पात्रावर वेगळी मालिका काढली होती.

पहिली तपासणी लांबीची. मूळ सिनेमा ८६ मिनिटांचा. प्रत साडेब्याऐंशी मिनिटांची निघाली, तर लगेच ‘कापलेली’ म्हणू नका. सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा पाल या टीव्ही पद्धतीत २५ ने पळतो, म्हणून वेळ ४ टक्के घटतो. खात्री करायला ड्युरँटीचं ‘इंका डिंका डू’ हे गाणं ऐका. त्याचा खर्जातला घोगरा आवाज जवळजवळ पाऊण स्वरार्ध (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराच्या पाऊणपट) चढलेला असेल, तर प्रत पालची. आवाज नेहमीसारखा आणि लांबी कमी, तर बहुधा प्रसंग गाळलेत. ती प्रत सोडा.

पालचीच प्रत वापरायची असेल, तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. एवढ्याने आवाज खाली येत नाही, कारण व्हीएलसी वेग बदलताना सूर धरून ठेवतो. ऑडिओच्या सेटिंगमधली टाइम-स्ट्रेचिंगची खूण काढा, म्हणजे सूरही उतरेल.

दुसरी तपासणी मारामारीची, आणि हीच निर्णायक. रिंगमधला ठोसा थांबवून बघा. हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या, तर चित्र इंटरलेस्ड आहे, म्हणजे एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्या चित्रांनी बनलेलं. व्हीएलसीत ‘डी’ कळ दाबून डीइंटरलेस सुरू करा, म्हणजे रेघा जातील. मग मॅकस्वॉट या मुष्टियोद्ध्याचा चेहरा बघा. ही भूमिका प्रसिद्ध हॉलिवूड नट जेम्स कॅग्नीचा भाऊ विल्यम याने केली आहे आणि दोघांतलं साम्य थक्क करणारं आहे. ते ओळखू येत नसेल, चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग दिसत असेल, तर कॉन्ट्रास्ट कितीही फिरवा, उपयोग नाही. उडून गेलेला तपशील परत येत नाही.

पडद्यावर चित्र ४:३ ठेवा (व्हीएलसीत ‘ए’ कळीने प्रमाण बदलतं). सहा फूट उंचीला आठ फूट रुंदी, बाजूला काळे पट्टे राहू द्या. ताणलं की सगळे आडवे फुगतात, झूम केलं की डोकी आणि पाय कापले जातात. मुष्टियुद्धाच्या विनोदात पायांचं काम मोठं असतं, ते गमावू नका.

मराठी सबटायटल्सची एसआरटी फाइल (ओळी आणि त्यांच्या वेळा असलेली साधी मजकूर फाइल) यूटीएफ-८ या अक्षरसंकेतातच साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. ८६ मिनिटांच्या प्रतीची फाइल वेग न बदललेल्या पाल प्रतीवर लावली, तर सुरुवात जुळते आणि शेवटाला ओळी जवळपास साडेतीन मिनिटं मागे पडतात. तिथे सबटायटल पुढेमागे सरकवून भागत नाही. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट (सेकंदाच्या चौकटी) २४ वरून २५ करा.