परसात रान वाढवायचंय? रोपांआधी पहार घ्या

कोकणात, देवरुखकडच्या आमच्या छोट्या रोपवाटिकेत मे महिन्यात चाकरमानी येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वहिनी, लवकर वाढणारं आणि दाट सावलीचं काय आहे?" गावी घर बांधलेलं असतं, मागचे चार-पाच गुंठे मोकळे असतात आणि तिथे रान उभं करायचं मनात असतं. मी उलट विचारते, खाली माती किती आहे? याचं उत्तर क्वचितच कोणाकडे असतं, आणि कुठलं झाड लावायचं ते तर तिथेच ठरतं.

पाऊस लागायच्या आत पहार घ्या आणि जागेत चार-सहा ठिकाणी खणून बघा. आपल्याकडे एकाच परसात चार पावलांवर जमीन बदलते. वरच्या गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ, वीतभर मातीखाली कातळ लागतो, आणि खालच्या अंगाला, जिथे पावसाचं पाणी माती आणून टाकतं, तिथे पहार निम्मी आत जाते. फूटभरात जांभा दगड लागला तर फणस-बेहड्याचा नाद सोडा. तिथे किंजळ किंवा कुंभा लावा आणि मध्ये अंजनी घाला. अंजनी उंच जात नाही, पण निळ्या फुलांनी लगडली की दुसरं काही बघवत नाही. दोन-अडीच फूट माती मिळाली तर ऐन, असाणा, किंजळ. त्याहून खोल असेल तिथे बेहडा, जांभूळ, सातवीण, फणस आणि रायवळ आंबा. हापूसचं कलम नको. रान करायचं तर बाठीपासून, म्हणजे कोयीपासून उगवलेला, सरळ उंच जाणारा रायवळच हवा. मागून पऱ्या, म्हणजे ओढा, वाहत असेल तर त्याच्या काठाला अर्जुन, तामण, उंबर, करंज. खाडीकाठी किंवा समुद्राजवळ घर असेल तर उंडी; खारा वारा सोसण्यात तिचा हात धरणारं झाड नाही.

खणायला गेलात की खुंटही शोधा. तुम्ही ज्याला झुडूप म्हणता ते बऱ्याचदा ऐनाचं किंवा किंजळीचं जुनं झाड असतं. भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, वर्षानुवर्षं कवळ (पानांसकट फांद्या) तोडून तोडून ते खुरटलेलं असतं, पण खाली मूळ जिवंत आणि मुरलेलं असतं. तोड थांबवा. पावसाळा सरला की फुटव्यांतले दोन सरळ, जोमदार निवडा आणि बाकीचे कोयत्याने बुंध्यालगत काढा. पुढच्या वर्षी दोघांतला एकच ठेवा. अशा खुंटाची फूट विकतच्या रोपाला सहज मागे टाकते. यात माझी रोपं कमी खपतात, पण पुढ्यात उभं असलेलं झाड तोडून तिथे नवीन लावणाऱ्यांची मला चीड येते.

आता यादी. ती माझ्याकडून घेऊ नका, गावच्या देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, जाऊन करा. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहिलं, तेव्हापासून या रायांकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं. आपल्याला त्यांचा उपयोग साधा आहे : तुमच्याच पावसात, तुमच्याच मातीत, कोणी पाणी न घालता काय वाढलंय ते तिथे दिसतं. मोठी झाडं कोणती, त्यांच्याखाली काय आहे, ओलाव्याला काय आहे, ते एखाद्या जाणत्या आजोबांना बरोबर नेऊन विचारा. पडलेलं बी उचलायचं झालं तर आधी गुरवाला किंवा मानकऱ्यांना विचारा; पुष्कळ राया अशा आहेत की तिथली काडीही बाहेर नेत नाहीत.

बाहेरून आलेली झाडं या रानात नकोत. गुलमोहर मादागास्करचा. गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, मध्य अमेरिकेची. रस्त्याकडेला वनीकरणात लावलेला अकेशिया ऑस्ट्रेलियाकडचा. काजूसुद्धा पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला, पण त्याच्याविरुद्ध बोलले तर मला गावात राहू देणार नाहीत, तेव्हा तो बागेत असू द्या, रानात नको.

लवकर वाढणारं पाहिजेच असेल तर आपल्याकडे आहे की. पांगाऱ्याची मेढ गडग्याला रोवली तरी फुटते. सावर, शिवण, चांदाडा भराभर वर जातात. पांगारा आणि सावर फुलली की पक्षी येतात, आणि पक्षी आले की न लावलेली झाडंही उगवू लागतात. फक्त सावर घरापासून आणि विजेच्या तारांपासून लांब ठेवा, तिच्या फांद्या वादळात मोडतात. वड, पिंपळ, नांद्रुक यांना तर घर, विहीर आणि शौचाच्या टाकीपासून निदान साठ फूट दूर ठेवा. जागा तेवढी नसेल तर लावूच नका.

जागा नीट ठरवायचं आणखी एक कारण आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस ही झाडं 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. उद्या छपराला लागतं म्हणून स्वतःच्या परसातलं झाड तोडायचं तरी परवानगी काढावी लागते.

मोठ्या झाडांत वीस-वीस फूट अंतर धरा. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजे चार गुंठ्यांत अशी दहा-अकराच झाडं बसतात. लोकांना हे पटत नाही, त्यांना शंभर रोपं न्यायची असतात. मधल्या जागेत चांदाडा, पांगारा आणि कडेने करवंद घाला, पुढे मोठ्यांची सावली पडली की चांदाडा काढून टाकता येतो.

रोप निवडताना उंचीला भुलू नका. पिशवीतलं सहा फुटी झाड दिसायला छान असतं, पण आत मुळं गोल गुंडाळलेली असतात. दीड-दोन फुटांचं, जाड बुंध्याचं घ्या. बियांपासून करणार असाल तर जांभळाचं बी आणि फणसाची आठळी सुकवून ठेवू नका, दोन्ही वाळल्या की मरतात. फळ खाल्लं की बी लगेच मातीत. ऐनाची पंखवाली फळं उन्हाळ्यात गोळा करून दोन दिवस पाण्यात भिजवा, मग पेरा.

लावणी पाऊस नीट बसल्यावर, जूनच्या शेवटाला किंवा जुलैत. पावसाळ्यात झाड मरत नाही, मरतं ते पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये. म्हणून पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पाणी आणि बुंध्याभोवती पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पानांचा, जाड थर, बुंध्याला न टेकवता. भातकापणी झाली की गुरं मोकाट सुटतात, त्याआधी काट्यांचं कुंपण पक्कं करा. आणि होळीच्या आत सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळमाळाच्या, बाजूने दहा फुटांची जाळरेषा (आग अडवायला गवत काढलेली पट्टी) साफ ठेवा, वणवा गडगा बघून थांबत नाही.

बकुळ, सुरंगी आणि रातांबा (कोकम) पहिल्याच वर्षी न्यायची घाई करू नका. त्यांना लहानपणी सावली मानवते. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात, वर थोडं छप्पर तयार झालं की या. रातांब्याची रोपं मात्र एकदम पाच-सहा न्या. बियांपासूनच्या रोपांत निम्मी नर निघतात, आणि कुठलं नर ते फुलं आल्याशिवाय मलाही सांगता येत नाही.