गरब्यानंतर चवडा दुखतोय? आधी दुखरी जागा नेमकी शोधा

बडोद्यात नऊ रात्री अनवाणी गरबा खेळल्यावर पाय दुखणारच. पण ते दुखणं दोन्ही पायांत, पसरलेलं असतं आणि कोजागरीपर्यंत विरतं. एकाच पायाचा चवडा दुखत राहिला, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी सूज दिसली आणि मुलगी टाचेवर भार देऊन चालू लागली, तर हाड तपासायला हवं.

अशा वेळी हाडाच्या एका विकाराचा संशय असतो, त्याला फ्रायबर्गचा आजार म्हणतात. अमेरिकेतल्या सिनसिनाटीचे अस्थिशल्यचिकित्सक अल्फ्रेड फ्रायबर्ग यांनी १९१४ साली त्याचं वर्णन केलं. तो बहुधा वयात येणाऱ्या मुलींना होतो. दुसरं मेटाटार्सल, म्हणजे अंगठ्याशेजारच्या बोटामागचं लांब हाड, बहुतेकांच्या पायात सगळ्यांत लांब असतं आणि मागच्या बाजूला पाचरीसारखं घट्ट बसलेलं असतं, त्यामुळे ते धक्क्यासरशी हलत नाही. टाच उचलून गिरकी घेतली की बोटाचं हाड या मेटाटार्सलच्या डोक्याच्या, म्हणजे बोटाकडच्या गोल टोकाच्या, वरच्या कडेवर आदळतं. शेकडो वेळा असं झालं की बारीक तडे जातात, रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरून चपटा होतो. नुसता मार किंवा नुसता कमी रक्तपुरवठा असं सहसा नसतं, दोन्ही हातात हात घालून येतात.

तपासताना तळव्याकडून अंगठा आणि वरून तर्जनी लावून त्या बोटाच्या मुळाशी असलेल्या सांध्याला चिमटीत धरा, मग बोट हळूच वर वाकवा. कळ नेमकी सांध्यात आली तर फ्रायबर्गचा संशय घ्या. कळ मागे, हाडाच्या दांड्यावर असेल तर तो ताणाने गेलेला तडा असू शकतो. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये जळजळ, मुंग्या असतील तर बहुधा नस दाबली जातेय.

अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर एक्स-रे उभं राहून, भार देऊन, दोन्ही पायांचा काढायला सांगा. चपटेपणा तुलनेत चटकन दिसतो. सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ येतो आणि इथेच बरेच जण फसतात. दुखणं टिकलं तर एमआरआय लागतो.

लवकर कळलं तर उपाय साधा आहे: चार ते सहा आठवडे नाच आणि उड्या बंद. दुखणं जास्त असेल तर डॉक्टर चालायचा बूट किंवा प्लास्टर देतात. रोजचा बूट निवडताना तो टाच आणि टोक धरून वाकवून पाहा. चवड्यापाशी सहज दुमडला तर उपयोगाचा नाही, तळ ताठ हवा. टाच अडीच सेंटिमीटरपेक्षा उंच नको.

चवड्याची गादी बसवताना सगळ्यांत जास्त चुका होतात. दुखऱ्या जागी तळव्याला ओलं कुंकू लावा, बुटातल्या सुकतळ्यावर पाय ठेवून उभं राहा आणि उमटलेला ठिपका पेनाने गिरवा. पाच-सहा मिलिमीटर जाडीची फेल्टची गादी त्या ठिपक्याच्या मागे, टाचेच्या बाजूला चिकटवा. तिची पुढची कड ठिपक्यापासून अर्धा ते एक सेंटिमीटर दूर राहू द्या. गादी ठिपक्यावरच आली तर दाब उलट वाढतो आणि मग लोक गादीलाच दोष देतात. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर हे घरी करूच नका.

गोळी घेऊन त्याच रात्री मैदानात उतरणं सगळ्यांत वाईट. कळ दबते, आदळणं चालूच राहतं. तेल लावून रगडण्यानेही मेलेल्या हाडात रक्त येत नाही. हाडाचं डोकं फार चपटं झालं, सांधा अडकू लागला तर शस्त्रक्रिया करतात. त्यात हाडाची पाचर काढून तळाकडचा चांगला कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, वर फिरवतात, कारण झीज बहुतेक वरच्या बाजूलाच असते.

परत नाचायची घाई नको. आधी भराभर चालताना, मग एका पायावर दहा वेळा टाच उचलताना कळ येता कामा नये. पुढच्या वर्षीचा सराव नारळी पौर्णिमेपासून धरा. तिथून घटस्थापनेपर्यंत साधारण ४५ दिवस मिळतात. एक दिवसाआड पंधरा मिनिटांनी सुरुवात करा, तीही बूट घालून. अनवाणी सराव शेवटच्या दोन आठवड्यांत, आणि तोही फरशीवर नको.